मामांना पत्र आलं

अहो, ऐकलंत का? थांबा, ही कोथिंबीर ठेवते पायरीवर. हार्डवेअरवाल्या काकांकडे परवा जे झालं ते... तुमच्या कानावर नाही? कमाल आहे, सगळ्या गल्लीला झालंय.

तर ती नवी सून हो, एम.कॉम. झालेली. लग्नाला चार महिने नाहीत, आणि दुकानात कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. दिवाणजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता, टॅली मी बघतो ना." बघतो म्हणजे काय, तर बिलं छापायची! टाइपरायटरच केला होता त्याचा. महिनाअखेरीस जीएसटीचा आकडा काढून सीएकडे पाठवला की संपलं. आणि उधारी? ती लाल वहीत. वही काकांच्या उशाशी...

तर काय सांगत होते, हां. टॅलीप्राइम आलं ना २०२० साली, त्यात 'गो टू' म्हणून आहे. ऑल्ट आणि जी दाबायचं, हवं त्याचं नाव टाइप करायचं, की पान समोर. काही पाठ करायला नको. हिने टाइप केलं 'एजिंग'. कुठला माल किती दिवस पडून आहे, धडाधड यादी. त्यात व्हाइट सिमेंटच्या चौदा गोण्या, सहा महिन्यांवरच्या! दिवाणजी म्हणे, "नुसत्या कागदावर असतील." ही उठली, मागच्या खोलीत गेली आणि गोणीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. काकू सांगत होत्या, भिंतीवर वाजावं तसं वाजलं. सगळ्याचा दगड! आणि इकडे दोन इंची खिळे संपले म्हणून गिऱ्हाईक परत जातंय. 'रिऑर्डर लेव्हल' एकदा भरून ठेवली की माल त्याच्याखाली गेलेला लगेच कळतो. भरायची कोणी? रकाना कोराच्या कोरा.

मग तिने तो 'एडिट लॉग' सुरू केला. कोणी, केव्हा, कुठली नोंद बदलली, सगळं राहतं त्यात. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच अशी नोंद ठेवावी लागते. काकांचं दुकान कसली कंपनी, पण केलंन् सुरू. दिवाणजी त्या दिवशी डबा अर्धा तसाच घरी घेऊन गेले म्हणे. मी काही म्हणत नाही हं. माणूस सज्जन आहे.

पण खरी गंमत पुढेच. लाल वही मागून घेतली आणि बिलावार सगळी उधारी टॅलीत चढवली. आधी काय व्हायचं, पैसे आले की नुसते 'ऑन अकाउंट' टाकायचे. पाच हजार आले खरे, पण कुठल्या बिलाचे? देव जाणे. आता बिलाला बिल जोडल्यावर तीस दिवस, साठ दिवस, नव्वदच्या वर, असे रकाने पडले. आणि नव्वदच्या रकान्यात सगळ्यात वर कोण? काकूंचा सख्खा भाऊ! बंगल्याचं प्लंबिंगचं सगळं सामान, कमोडसकट.

टॅलीतनं रिमाइंडर लेटरही निघतं बरं का. हिने सगळ्यांची एकदम छापली आणि दुकानातल्या पोराकडून पोचवली. मामांना मिळालं ते नेमकं सत्यनारायणाला पाहुणे बसलेले असताना. त्यांना वाटलं कुणाची पत्रिका आली, म्हणून चारचौघांतच फोडलं... मी होते ना तिथे! हातातला प्रसादाचा द्रोण तसाच राहिला त्यांच्या.

काकू घरी येऊन कडाडल्या, "माझ्या माहेरच्याला नोटीस?" सून अगदी शांतपणे म्हणाली, "आई, ते नाव बघून नाही निघत, तारीख बघून निघतं." काका बशीत चहा ओतून फुंकत बसलेले, वर बघायला तयार नाहीत. पण मिशीतल्या मिशीत... कळलं ना?

नंतर आमच्या ह्यांना काय म्हणाले असतील? "दिवाणजींनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, उधारीपण टाकू का यात? मीच नको म्हटलं. एकदा पडद्यावर दिसली की मागायला लागते." घ्या! आणि आम्ही समजत होतो, बिचाऱ्यांना कॉम्प्युटरमधलं कळत नाही.

मामांनी चेक दिला शेवटी, पण पुढच्या महिन्याच्या तारखेचा. काकांनी तो नेहमीसारखा खणात सरकवला. सुनेने काढला, नोंद केली आणि कंट्रोल-टी दाबून 'पोस्ट-डेटेड' करून ठेवली. म्हणजे नोंद आत्ताच, पण हिशोबात धरली जाणार त्या तारखेला.

बरं, मी जाते. नाही, कुकर नाही हो लावलाय... दिवाळीत आमच्या गॅलरीला रंग काढला होता ना, तो सगळा काकांकडूनच आणलेला. हे म्हणाले होते, देऊ सावकाश, घरचंच दुकान आहे. मी सहज सुनेला विचारलं, साठच्या रकान्यात कोण कोण आहे गं? तर माझ्याकडे बघून इतकं गोड हसली...