काय बंद करायचं, ते कोण सांगणार?

दवाखान्यातून सुट्टी होताना जे डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, त्यावर कोणत्या गोळ्या घ्यायच्या ते लिहिलेलं असतं. कोणत्या बंद करायच्या ते बहुतेक वेळा नसतं. घोळ तिथंच होतो.

संग्रामपूर तालुक्यातला पेशंट अकोल्याहून नाहीतर खामगावहून नवी औषधं घेऊन घरी येतो. जुन्या गोळ्यांची पिशवी खुंटीला असतेच. नव्या पाकिटावर औषधाचं नाव, अ‍ॅम्लोडिपीन. जुन्या पाकिटावर कंपनीनं ठेवलेलं नाव ठळक आणि त्याखाली बारीक अक्षरांत तेच अ‍ॅम्लोडिपीन. गोळीचा रंग वेगळा, आकार वेगळा. मग सून दोन्ही देते, वेळेवर, न चुकता. बीपीची गोळी दुप्पट होते, पाय सुजतात, उठताना भोवळ येते, म्हातारा मोरीत पडतो. आणि घरचे म्हणतात, आजारपणाचा अशक्तपणा आहे.

आपल्याकडे धोका आणखी मोठा. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा मुलूख. किडनीच्या आजारानं इथली कितीतरी घरं पोळली आहेत. किडनी अधू झाली की मधुमेहाची मेटफॉर्मिन कमी करावी लागते, कधी थांबवावीच लागते. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी तर अशा किडनीच्या मुळावरच उठते. डॉक्टर ती बंद करतात, पण घरात तिचं पाकीट तसंच राहतं. कापूस वेचून कंबर धरली की हात त्याच पाकिटाकडे जातो.

हे रोखण्याचं शिक्षण फार्मासिस्टकडे आहे. दोन नावांची गोळी एकच आहे, हे तो पाकीट पाहताच ओळखतो. सरकारी दवाखान्यात त्याला औषध निर्माण अधिकारी म्हणतात, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण खिडकीआड गोळ्या मोजायला बसवतो. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी नोंदणीकृत फार्मासिस्टवर पेशंटशी बोलण्याची जबाबदारी टाकली आहे: औषध कशासाठी, किती, कधी, एखादी वेळ चुकली तर काय करायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये औषधांतल्या चुकांविरुद्ध मोहीम सुरू केली. तिनं नेमून दिलेल्या धोक्याच्या जागांत पेशंट दवाखान्यातून घरी जातो ती वेळही आहे. म्हणजे नियम आहे, धोका माहीत आहे, माणूसही आहे. फक्त त्याला वॉर्डात कुणी बोलावत नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ‘बंद केलेली औषधं’ असा वेगळा रकाना हवा, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. फार्मासिस्टनं जुन्या-नव्या गोळ्या समोरासमोर ठेवून पडताळाव्यात, शंका आली तर डॉक्टरांना तिथल्या तिथं विचारावं आणि मग सही करावी. गावातल्या मेडिकलवाल्यानंही कार्ड बघितल्याशिवाय जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध देऊ नये.

आणि घरच्यांनो, पेशंटला भरती करायला जाताना खुंटीवरची पिशवी सोबत न्या. सुट्टीच्या दिवशी बस चुकली तर दुसरी मिळेल. यातलं काय बंद केलं, एवढं विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका. उत्तर मिळालं नाही, तर सुट्टी अजून पूर्ण झालेली नाही असं ठणकावून सांगा.