फोनमध्ये पोरांचा आवाज भरा

वर्गात मोबाइल असावा की नसावा, हा प्रश्न विदर्भातल्या भामरागड, एटापल्ली, जिवतीत जुना झाला. फोन वर्गात आलेला आहे आणि गुरुजींच्या हातात आहे. पण शिकवायला नाही, वर माहिती पाठवायला.

हजेरी फोनवर. २०२३च्या डिसेंबरपासून ती चॅटबॉटवर भरायची. शाळेत किती पोरं जेवली, फोनवर. चाचणीचे गुण, फोनवर. टावर नसला की रेंज मिळेल तिथवर जायचं. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग असतात. एक गुरुजी रेंज शोधायला गेले की दोन वर्ग उघडे पडतात. शिक्षकाला कारकून करणारं हे यंत्र आपण 'डिजिटल शाळा' म्हणून मिरवतो. मला याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

२०२० आठवा. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा राज्यभर दिली गेली. दीक्षा ॲप होतं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड होते. ज्या गावात टावरच नव्हता तिथे तो कोड पानावरचा काळा चौकोन होता. आता टावर येताहेत. नक्षलग्रस्त भागातले २,३४३ टूजी टावर फोरजी करायला केंद्राने एप्रिल २०२२मध्ये मंजुरी दिली, ही दहा राज्यांसाठीची योजना. चांगली गोष्ट आहे. पारलकोटा नदी पुलावर चढली की भामरागड अजूनही जगापासून तुटतं, तेव्हा हे टावर किती टिकतात ते पावसाळ्यात बघू.

पण समजा, रेंज पूर्ण आली. कोड स्कॅन झाला, व्हिडिओ लागला. बोलतोय कोणत्या भाषेत? मराठीत. समोर पहिलीचं लेकरू बसलंय, घरी माडियाच बोलणारं. पुस्तकातलं त्याला कळत नव्हतं, आता तेच न कळणारं रंगीत होऊन हलतंय. जिवतीच्या डोंगरात कोलामी, मुलचेऱ्यात बंगाली, सिरोंच्यात तेलुगू. इतक्या भाषांच्या मुलखाला पुण्यात भरलेला एकच आवाज पुरत नाही. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करा, हे घटनेच्या ३५०-अ कलमात लिहिलेलं आहे. नवीन शैक्षणिक धोरणानेही २०२०मध्ये तेच म्हटलं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये हे मनावर घेऊन गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली.

म्हणून माझं मागणं साधं आहे. फोनचा पडदा बाजूला ठेवा, त्याचा रेकॉर्डर वापरा. त्याला टावर लागत नाही, डेटा लागत नाही. पाच-दहा मिनिटांच्या व्हिडिओएवढ्या जागेत तासाभराचा आवाज मावतो. चौथीतली पोरगी एव्हाना दोन्ही भाषा बोलते. तिने एक गोष्ट आधी माडियात सांगावी, मग मराठीत. ती पहिलीला ऐकवा. मोह वेचायच्या दिवसांत वर्ग ओस पडतो, तेव्हा पोरांनाच एक काम द्या: मोह कसा वेचला, कसा वाळवला, ते आजीकडून ऐकून घ्या. परत आल्यावर तिलाच शाळेत बोलवा आणि भरून घ्या. मग त्यातलं एक वाक्य गुरुजींनी फळ्यावर देवनागरीत लिहावं. स्वतःच्या तोंडचं वाक्य वाचताना पोराला अक्षरांशीच झगडायचं असतं, अर्थाशी नाही. वाचन शिकायला यापेक्षा मोठी मदत मला ठाऊक नाही. आणि माडिया न येणाऱ्या गुरुजींनाही रात्री खोलीवर तेच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकता येतं. बदलीवर आलेल्या माणसाला दुसरा मास्तर कुठून मिळणार?

हे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या छत्तीसगडात सीजीनेट स्वरने २०१०पासून साध्या फोनवरून गोंडीत बातम्या सांगायची आणि ऐकायची सोय केली. मिस्ड कॉल द्या, बोला, ऐका. लिहिता न येणारी माणसं तिथे बातमीदार झाली. २०११च्या जनगणनेत गोंडीभाषक २९ लाखांवर आहेत. त्यांच्यासाठी फोनने कान उघडला, आपल्या वर्गात तो अजून बंद का?

फोनने पोरं बिघडतात, ही भीती मी झटकत नाही. शालेय शिक्षणाच्या 'असर' २०२४ अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन शिकण्यासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. त्यामुळे पोरांच्या हाती फोन वाटू नका. वर्गाला एकच फोन पुरे, तोही शाळेच्या पैशातून घेतलेला. आज बहुतेक गुरुजी सरकारी काम स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या रिचार्जवर करतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी जी प्रशिक्षणं होतील, त्यांत ॲप कसं भरायचं यावरचं एक सत्र कमी करा आणि आवाज कसा भरायचा यावर एक द्या. शिकवायला गावातलाच माडिया, कोलामी बोलणारा माणूस बोलवा, मानधन देऊन. आणि जे आवाज जमतील ते गावाचे राहतील. ग्रामसभेला विचारल्याशिवाय एकही आवाज कोणत्याही पोर्टलवर चढवायचा नाही.