गुरुवारचं ऑडिट

आमच्या मजल्यावरच्या सिस्टीमकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सोसायटीत ते कुणी वापरत नाही. वॉचमनसुद्धा "सिस्टीमसाहेब आत्ताच वर गेले" असंच सांगतो. काका भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. लिफ्ट बंद पडो, कुणाचा मुलगा नापास होवो, कुणाचा जावई रुसो, काकांचं निदान एकच: "याची एक सिस्टीम पाहिजे."

पुण्याबाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. पिंपरी-भोसरीकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून वीज मंडळाच्या काळात पडलेली ही वहिवाट. काकू शाळेत शिकवतात, मुलगी कॉलेजात, मुलगा नववीत. म्हणजे रविवारी सगळे घरी आणि काका कामावर. गुरुवारी काका घरी आणि बाकीचे बाहेर. घरात उरतात फक्त आजी, काकांच्या आई, वय ब्याऐंशी. सुधारणा करायला अख्खा दिवस मोकळा आणि विरोधी पक्षात एकच सभासद, तोही दुपारी दोन तास झोपलेला. त्या घरातल्या सगळ्या क्रांत्या गुरुवारी दोन ते चारच्या दरम्यान झाल्या आहेत.

पहिली क्रांती 'फाइव्ह एस'ची. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, पुसा, त्याचा नियम करा आणि तो पाळा. काकांनी हे मराठी अर्थांसह कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. आजी मूळच्या मालवणकडच्या. शित्सुके ऐकल्यावर त्यांनी "ओलं की सुकं?" एवढंच विचारलं. संध्याकाळी काकू शाळेतून आल्या. त्यांनी पर्समधून लाल पेन काढून कागदावरचा 'शीस्त' हा शब्द दुरुस्त केला आणि खाली शेरा मारला: पाच वेळा लिहा. काकांनी लिहिला. लेखी सुधारणेला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही.

'नको ते काढा' यासाठी कारखान्यात लाल चिठ्ठी लावतात. चिठ्ठी लागलेली वस्तू ठरलेल्या मुदतीत कुणी वापरली नाही तर ती बाहेर. पुढच्या गुरुवारी पाटा-वरवंटा, सोऱ्या, पुरणयंत्र, चिनीमातीच्या दोन बरण्या अशा सगळ्यांच्या कपाळी लाल चिठ्ठ्या लागल्या. "पुरणयंत्र वर्षातून दोनदा चालतं. अशी मशीन आमच्याकडे एक दिवस राहणार नाही," काका मला सांगत होते. आजी झोपून उठल्या, चष्मा लावून सगळीकडे हिंडल्या, उरलेल्या चिठ्ठ्यांतली एक मागून घेतली आणि काकांच्या व्यायामाच्या सायकलवर लावली. मुलाने हरकत घेतली. म्हणाला, तिचा उपयोग रोज होतो, टॉवेल वाळतात.

मग स्वयंपाकघरात शॅडो बोर्ड आला. ओट्यावरच्या भिंतीला एक पांढरी फळी, तीवर उलथनं, झारा, पक्कड, किसणी, लाटणं यांच्या पिवळ्या रंगाने काढलेल्या आकृत्या आणि प्रत्येकीला एक खिळा. वस्तू जागेवर नसली की तिची पिवळी सावली तेवढी दिसते. खरं सांगतो, दिसायला ते फार सुंदर होतं. पण त्याने शेजारधर्माची पंचाईत केली. आम्ही किसणी आणली की दहा मिनिटांत काका दारात, हातात गेट पास. कारखान्याच्या फाटकातून माल बाहेर जाताना परत येणारा की न येणारा हे लिहितात, तसा. वाटीभर साखर 'परत येणारी', कढीपत्ता 'न येणारा'. विरजणापाशी मात्र काका अडले. एक चमचा दही जातं, ते तसंच परत येत नाही, पण दुसऱ्या दिवशी वाटीभर होऊन येऊ शकतं. रात्रभर विचार करून त्यांनी निकाल दिला: हे जॉबवर्क आहे, त्याला चलन लागेल. आमच्या घरात तेव्हापासून दही विकतचं येतं.

अशा माणसांत काका पहिले नव्हेत. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचे एक गृहस्थ होते. विटा रचताना गवंड्याचे हात किती वेळा फुकट हलतात ते मोजून त्यांनी ते काम सोपं केलं होतं. घरात बारा मुलं. कुणी दात घासले, कुणी अंघोळ केली याच्या सह्या मुलांनी तक्त्यावर करायच्या, असा दंडक. त्यांच्याच दोन मुलांनी 1948 साली वडिलांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक किस्सा आहे: वेळ वाचवायला ते एकदा दोन वस्तऱ्यांनी एकदम दाढी करू लागले. चव्वेचाळीस सेकंद वाचले, पण गळा कापल्यावर पट्टी बांधण्यात दोन मिनिटं गेली. त्यांना दुःख झालं ते त्या दोन मिनिटांचं. काकूंनी हा भाग काकांना मोठ्याने वाचून दाखवला. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वस्तरे एकाच मापाचे होते का?"

आषाढी एकादशीच्या आधीच्या गुरुवारी काकांनी मिसळणाच्या डब्याला हात घातला. सात वाट्या, एकीवरही नाव नाही. मोहरी सगळ्यांत जास्त लागते म्हणून ती उजव्या हाताशी आणली, जिरं पलीकडे ढकललं, आणि प्रत्येक वाटीला बारीक अक्षरात लेबल लावलं. आजी त्या डब्यात बघत नाहीत. बोटं आपोआप जातात, चिमूट आपोआप भरते. एकादशीला सकाळी टीव्हीवर पंढरपूरची महापूजा मोठ्या आवाजात चालू होती, त्यामुळे तुपातलं तडतडणं कुणाला ऐकू आलं नाही. खिचडी ताटात आली. शेजारी म्हणून मीही पंगतीत होतो. दुसऱ्या घासाला आजींच्या कवळीखाली काहीतरी आलं. त्यांनी ते बोटावर घेतलं, चष्म्याशी नेलं आणि ताट सरकवलं.

कारखान्यात चूक झाली की पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं असतं. टोयोटातून जगभर गेलेली रीत. काकांनी वही काढली.

"आई, उपास का मोडला?"

"खिचडीत मोहरी पडली म्हणून."

"मोहरी का पडली?"

"जिऱ्याच्या जागी होती म्हणून."

"तिथे का होती?"

"तू ठेवलीस म्हणून."

इथे दुसरा कुणी थांबला असता. पण पद्धत अर्धवट सोडायची नसते. "मी का ठेवली?"

"तुला घरात करमत नाही म्हणून."

"का करमत नाही?"

"सून आणि पोरं घरी असतात तेव्हा तू नसतोस. आणि तू असतोस तेव्हा ती नसतात, म्हणून."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. काकू ताटं उचलू लागल्या. 'मूळ कारण' या रकान्यात त्या दिवशी काय लिहिलं गेलं ते मी पाहिलं नाही. 'उपाय' या रकान्यात मात्र आजींनी सांगितलं तेच लिहिलं गेलं: वाट्या होत्या तशा ठेवणे.

काकांवर हसणं सोपं आहे, आणि आम्ही सगळे ते मनापासून करतो. पण गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला आजींना धाप लागली. तेव्हा काकांनी कपाटातून एक निळी फाइल काढली. आधार कार्ड, विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, कशाची ॲलर्जी, सगळं तारीखवार. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने एकेक कागद मागितला आणि तो मागताक्षणी तिच्या हातात पडला. मी घरी आल्यावर आमच्या विम्याचं कार्ड शोधायला बसलो. ते तिसऱ्या दिवशी दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडलं.

आजी आता बऱ्या आहेत. व्यायामाची सायकल भंगारात गेली, पुरणयंत्र जागेवर आहे. काकांची किसणी मात्र आठ दिवस आमच्याकडे आहे आणि तिच्या पासची मुदत सोमवारी संपली. आम्ही दार उघडलं की पलीकडच्या स्वयंपाकघरातली तिची पिवळी आकृती सरळ दिसते. उद्या गुरुवार आहे.