मा. चित्रगुप्त यांस, काशीच्या एका वृद्धनिवासातून

प्रति,
मा. श्री. चित्रगुप्त,
मुख्य लेखाधिकारी, यमलोक

विषय : ब्रह्माघाटामागील आमच्या वृद्धनिवासातील औषधनोंदवही व तदनुषंगिक बाबी

महोदय,
सा. न. वि. वि.

आपल्या साहेबांचा काशीत अंमल चालत नाही, हे आम्हांला माहीत आहे. मीरघाटापाशी धर्मेश्वराची आराधना करून त्यांनी मृतांचा न्याय करायचा अधिकार मिळवला, पण काशी तेवढी वगळून, असं इथले पंडित सांगतात. इथली कोतवाली काळभैरवाची. शेवटच्या क्षणी कानात तारकमंत्र सांगायला खुद्द विश्वनाथ येतो. तेव्हा 'अधिकारक्षेत्राबाहेर' असा शेरा मारून आपण हे पत्र परत पाठवाल, हे धरूनच लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. पत्रं कशी परत पाठवतात, ते मला शिकवायला नको.

पण विषय हिशेबाचा आहे, आणि हिशेबात आपल्याहून वडीलधारं कोणी नाही.

आमच्या कार्यालयात एक वही आहे. प्रत्येक निवाशाला एक पान, पानावर महिन्याच्या तारखा, तारखेला सकाळ-दुपार-रात्र असे तीन रकाने. गोळी दिली की देणाऱ्याने वेळ टाकून सही करायची, ही मूळ कल्पना. आपण इतकी युगं माणसाच्या हातून कर्म घडेपर्यंत थांबता आणि मग लेखणी उचलता. आमच्या व्यवस्थापकांनी या दिरंगाईवर मात केली आहे. आमच्याकडे नोंद आधी, कर्म मागाहून, तेही सवडीने. रविवारी दुपारी चहा पिता पिता पुढच्या आठवड्याच्या सह्या एका बैठकीत उरकतात. सगळ्या एकाच निळ्या शाईत, एकाच बाजूला कललेल्या. मी जन्मभर खोटी हजेरीपत्रकं तपासली; ती करणारेसुद्धा मधूनमधून पेन बदलण्याइतकी लाज बाळगत.

शेजारच्या खोलीतल्या अमरावतीच्या काकांनी गेल्या महिन्यात देह ठेवला. त्यानंतर चार दिवस ते रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत होते, असं वही म्हणते. गरुडपुराणात अशी सोय वाचल्याचं आठवत नाही. आपल्याकडे असल्यास कळवावे.

गोळ्या वाटायला येतो तो मुलगा मिर्झापूरकडचा, विशीतला, स्वभावाने गोड. हातात स्टीलचं ताट, ताटात आमच्या वाट्या. वाटीवर नाव नाही. कुठली कुणाची ते ताटातल्या जागेवरून ठरतं. ताट सरळ धरलं तर गोळी कुणा काकूंची, जिन्यात कुणाला वाट देताना फिरलं तर माझी. औषध तो रंगावरून ओळखतो. ''आजी, सफेदवाली खा ली? और गुलाबीवाली?'' दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं तेच औषध दिलं की रंग बदलतो, आणि मग महिनाभर गुलाबी गोळी कुणालाच मिळत नाही.

परिचारिकांना शिक्षणाच्या सुरुवातीलाच पाच गोष्टी घोकायला लावतात : योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग. मार्ग म्हणजे तोंडाने, सुईने की डोळ्यात थेंब. दिल्यावर लगेच नोंद, ही सहावी. आमच्याकडे यांतली 'मार्ग' ही एक पाळली जात असे. एकदा कानाचे थेंब डोळ्यात गेले, तेव्हापासून तिचाही आग्रह सोडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली, औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची, अशी मोहीम जाहीर केली होती. आमच्यापर्यंत ती पोचली नाही. गल्ली अरुंद आहे.

गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापून वाटतात. औषधाचं नाव आणि मुदत छापलेला तुकडा ज्याच्या नशिबी त्याला, बाकीच्यांना नुसती चंदेरी. गेलेल्यांच्या उरलेल्या गोळ्या टाकत नाहीत. त्या एका बरणीत जातात आणि गरजूंना कामी येतात. ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांच्या सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून मऊ भातात कालवतात. नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली गोळी पोटात तासन्‌तास हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकाच घासात अंगावर येतं. पण भात संपतो, आणि 'आजोबा छान जेवले' असं घरी फोनवर सांगता येतं.

चिठ्ठीवरची १-०-१ ही लिपी मुलाला वाचता येते. नागपूरच्या वहिनींच्या संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटला ती लागू नाही, कारण ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. जुन्या चिठ्ठीवरून नव्या वहीत उतरवताना 'आठवड्यातून' हा शब्द रकान्यात मावला नाही, म्हणून गळला. वहिनींना ती रोज मिळू लागली. तोंडात फोड आले, तेव्हा 'भाजीत तिखट कमी करा' असा आदेश स्वयंपाकघरात गेला. हे औषध रोज पोटात गेलं तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं आणि माणूस दगावू शकतो; म्हणून कागदावर वार लिहायचा असतो, 'फक्त सोमवारी' असा. वहिनींच्या लेकीने पुण्याहून फोनवर फोडांचं ऐकलं आणि तिथूनच गोळी थांबवली. तिचा आमच्या कर्मचाऱ्यांत समावेश करावा, असं मी सुचवलं आहे.

रात्री मात्र आमचं निवास आदर्श असतं. नऊ वाजता सामसूम. हे अल्प्राझोलमचं पुण्य. ही गोळी एच-१ यादीतली. दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. आमच्याकडे ती 'आवाज करणाऱ्यांना' मिळते. मग मध्यरात्री कुणी लघवीला उठतं, तोल जातो आणि पडतं. दोघं येतात, बगलेत हात घालतात आणि 'उठा, उठा, काही झालं नाही' म्हणत उभं करतात. पडलेल्याचा एक पाय आखूड दिसत असेल आणि बाहेरच्या बाजूला वळला असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याचा संभव मोठा. त्याला जागचं हलवू नये. पण अंधारात पाय कोण बघतो?

आता ज्या नोंदीसाठी हा पत्रप्रपंच, ती.

ज्येष्ठातली निर्जला एकादशी. सांगलीच्या आजींना दोन्ही वेळा इन्सुलिन असतं. वहीत 'इन्सुलिन' लिहिलेलं, म्हणून मुलाने ते टोचलं. आजींनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, हे लिहायला वहीत रकाना नाही. शिवाय कुपी १०० युनिटांच्या तीव्रतेची होती आणि सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे ४० च्या तीव्रतेसाठीची. १०० च्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची लागते. लालने त्याच आकड्यापर्यंत भरलं की औषध अडीचपट जातं. दहाच्या सुमारास आजींना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, आणि ''अहो ताई, मिरजेची गाडी लागली का?'' असं त्या मला विचारू लागल्या. त्या घटकेला, गिळता येत होतं तोवर, तीन चमचे साखर पाण्यातून दिली असती आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं असतं, तर निभावलं असतं. मी साखर मागितली. मुलगा कळवळून म्हणाला, ''माताजी का व्रत टूट जाएगा.''

बघता बघता आजी निपचित पडल्या. मग मात्र यंत्रणा अशी हलली की बघत राहावं! गंगाजळाचा गडू आला, तुळशीपत्र आलं, कुणाच्या तरी मोबाईलवर विष्णुसहस्रनाम लागलं. दारातून कुणी म्हणालं, ''भाग्याची हो, एकादशीला!'' रक्तातली साखर तपासायचं यंत्र व्यवस्थापकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि ते स्वतः विश्वनाथाच्या रांगेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात घातलेलं श्वासनलिकेतून थेट फुप्फुसात उतरतं. ते गंगाजळ की ग्लुकोजचं पाणी, हा भेद फुप्फुस करत नाही. गडू मी काढून घेतला, तेव्हा मला नास्तिक ठरवण्यात आलं. वहिनींनी आणि मी मिळून आजींना कुशीवर वळवलं, हनुवटी जराशी वर केली, तोंड जमिनीकडे कललेलं ठेवलं आणि छाती हलते आहे ना, ते बघत बसलो. १०८ ला फोन केला. गाडी मैदागिनपर्यंतच येते. चौघांनी आजींना कुशीवरच ठेवून खाट उचलली. आमच्या गल्ल्यांतून चौघांच्या खांद्यावरून एरवी कोण निघतं, ते आपणांस सांगायला नको. वाटेत लोक बाजूला होऊन हात जोडत होते. एकाने तर ''राम नाम सत्य है'' म्हणून सुरुवातही केली. त्याला म्हटलं, ''अजून नाही, भैया.'' इस्पितळात साखर ३४ भरली. शिरेतून ग्लुकोज गेलं, तशी आजींनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, ''पारणं झालं का?''

आमच्या वहीनुसार त्या संध्याकाळीही आजींना निवासात इन्सुलिन देण्यात आलं.

प्रथमोपचाराची पेटी आमच्याकडे आहे, तिच्यावर लाल फुलीसुद्धा आहे. आत अगरबत्त्या, काडेपेटी आणि मुदत उलटलेलं मलम. उपचार मात्र तोंडपाठ आहेत. फिट आली की कांदा, कांदा नसेल तर चप्पल, आणि दातांत चमचा. खरं तर तोंडात काहीच घालायचं नसतं; आसपासच्या टणक वस्तू सरकवायच्या, घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर गाडी बोलवायची. भाजलं की टूथपेस्ट. हवं असतं वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. घास अडकला की वर पाणी पाजतात. माणूस खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यायचं. आवाजच फुटत नसेल तर वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पोटावर पाच वेळा आत-वर दाब. हे शिकायला वेदपाठशाळेइतकी वर्षं लागत नाहीत.

यावर आमच्या व्यवस्थापनाचं एकच उत्तर असतं, आणि ते आपल्याही परिचयाचं असेल : ''काशीत आहात. जे होईल तो काशीलाभ.''

महोदय, काशीलाभाची, म्हणजे काशीत मरून मोक्ष मिळण्याची, थट्टा मला करायची नाही. गोदौलियाजवळच्या मुक्तिभवनात अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाला घेऊन घरचे लोक येतात, साधारण दोन आठवड्यांची मुदत असते, आणि आपण कशासाठी आलो हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. तो सौदा उघड आहे. आम्ही मात्र दरमहा पैसे भरतो ते जगण्याचे. आमच्या पावतीवर 'भोजन, निवास व औषधोपचार' असं छापलेलं आहे. 'मोक्ष' कुठेही नाही. आणि काशीत मरण पुण्याचं म्हणून औषध हयगयीने द्यावं, असं याच गावातल्या भल्या माणसांना कधी वाटलं नाही. १९०० साली विवेकानंदांच्या विचाराने भारलेल्या इथल्या काही बंगाली तरुणांनी, मरायला म्हणून आलेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या आजाऱ्यांना उचलून दूध-औषध द्यायला सुरुवात केली. लक्सा भागातला रामकृष्ण मिशनचा सेवाश्रम त्यातून उभा राहिला. मरायला आलेल्याला मरू द्यावं, हा सोपा युक्तिवाद त्यांनाही उपलब्ध होता. मोक्ष द्यायचा तो विश्वनाथ देईल. त्याने गोळ्यांचं ताट मागितल्याचं ऐकिवात नाही.

मुलावर कृपया ठपका ठेवू नये. त्याला पहिल्या दिवशी ताट दिलं, शिकवलं कुणीच नाही. त्या एकादशीनंतर त्याने दोन्ही सिरिंजांच्या टोपणांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवले आहेत, आणि सुई हातात घेण्याआधी ''माताजी, नाश्ता किया?'' असं विचारतो. एका माणसाने एका चुकीतून एवढं उचललं. दोन दिवसांचं नीट प्रशिक्षण दिलं असतं, तर त्या चुकीची गरज लागली नसती.

तरी विनंती की,

१. आमच्या निवासातून येणाऱ्या कोणत्याही नोंदीत मृत्यूचं कारण 'काशीलाभ' एवढंच असल्यास ती 'त्रुटी' म्हणून परत करावी. सोबत औषधाची चिठ्ठी, नाव-मुदतीसह स्ट्रिप आणि शेवटची गोळी कुणी, किती वाजता दिली, ते मागवावं.

२. दोष लावताना ताट धरणाऱ्या हाताच्या मागे जाऊन किल्ली कुणाच्या कमरेला होती, ते पाहावं.

३. आपल्या कार्यालयातला एखादा जुना कारकून महिनाभर आमच्याकडे उसनवार पाठवावा. झालेलं कर्म झाल्यावर लिहायचं, न झालेलं लिहायचं नाही, एवढं शिकवलं तरी पुरे. राहायची सोय होईल. अमरावतीच्या काकांची खोली रिकामी आहे, आणि वहीनुसार ते गेल्यावरही चार दिवस त्यांच्या गोळ्या चालू होत्या.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक काशीवासी (सेवानिवृत्त, लेखा विभाग)

ता. क. : पत्र बंद करण्यापूर्वी कार्यालयात जाऊन माझं पान बघून आले. उद्या सकाळच्या रकान्यात सही झालेली आहे. म्हणजे उद्या सकाळी मी असेन आणि गोळी घेईन, अशी कार्यालयीन ग्वाही मिळाली. आपल्या वहीत काही वेगळं असल्यास कृपया उलट टपाली कळवावे.