कार्पेट मिनिटांचा हिशेब

लांबचे घर पाहायला माणसे रविवारी जातात, आणि बांधकाम व्यवसायाचा निम्मा नफा या एका सवयीवर उभा असावा. रविवारी बदलापूर स्टेशनाबाहेर बिल्डरची एसी गाडी उभी असते, रस्ता मोकळा असतो, सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीतून डोंगर दिसतो आणि ‘स्टेशनपासून 10 मिनिटे’ हे वाक्य अक्षरशः खरे ठरते. मेगाब्लॉकमुळे लोकल रखडलीच, तर सुट्टीच्या दिवशी आपण रेल्वेलाही माफ करतो. घराच्या मापातली लबाडी रोखायला 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या पक्की केली. त्याआधी जिना, लिफ्ट, लॉबी सगळे सुपर बिल्टअपमध्ये मिसळून आपल्याच गळ्यात बांधले जाई. आता चौरस फुटांत खोटे बोलणे अवघड झाले, म्हणून ते मिनिटांत शिरले. जाहिरातीतली ती दहा मिनिटे सुपर बिल्टअप मिनिटे आहेत. कायद्याने आता कार्पेट मिनिटाचीही व्याख्या करावी: दाराला कुलूप लावल्यापासून ऑफिसातल्या यंत्रावर बोट टेकेपर्यंतचा वेळ, जुलैतल्या सोमवारी, शेअर रिक्षाच्या रांगेसकट मोजलेला.

ही मागणी चेष्टेची वाटत असेल तर आकडे मांडून पाहू. सीएसएमटीपासून ठाणे 34 किलोमीटर, बदलापूर 68, बरोबर दुप्पट. समजा, तेवढ्याच आकाराचे घर ठाण्यात 40 लाखांनी महाग आहे. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 40 लाखांचे कर्ज काढले तर हप्ता महिन्याला सुमारे 34,700 रुपये बसतो, म्हणजे वर्षाला चार लाखांच्या वर. बदलापूर निवडून एवढे पैसे वाचतात. बदल्यात जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास जास्त, वर्षाचे 280 दिवस धरले तर 420 तास. भागाकार केला की ताशी जवळजवळ एक हजार रुपये पडतात. महिना पन्नास हजार पगार घेणाऱ्याला ऑफिस ताशी अडीचशे देते. याचा अर्थ, या माणसाचे सर्वांत जास्त पगाराचे काम कर्जत लोकलच्या दारात उभे राहण्याचे आहे. ऑफिस ही मधली विश्रांती. लांब घर घेणाऱ्याला वेड्यात काढणाऱ्या शिवाजी पार्कच्या सुखवस्तू टीकाकारांनी हा हिशेब जरूर करावा. बदलापूरकर मूर्ख नाही, तो दोन नोकऱ्या करतो.

फक्त या दुसऱ्या नोकरीचा पगार जाहिरातीतल्या मिनिटांवर ठरलेला असतो, आणि खरी गोम इथे आहे. पाऊण तासाच्या जागी प्रत्यक्षात दीड तास जास्त लागू लागला (रिक्षा, पुलावरची गर्दी, भरून आलेली म्हणून सोडलेली एक गाडी, बसायला जागा हवी म्हणून उलट दिशेने केलेले ‘रिटर्न’) की ताशी हजाराचे पाचशे होतात. नवरा-बायको दोघेही मुंबईत नोकरीला असतील, तर तीच बचत दोघांच्या तासांत वाटली जाऊन अडीचशेवर येते. म्हणजे ऑफिसइतकाच दर, पण रजा नाही, पीएफ नाही आणि बसायला खुर्चीही नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि माणसे दगावली. हा धोका तर कुठल्याच दरात धरलेला नाही.

यावर सांगितले जाते की प्रवासातला वेळ वाया थोडाच जातो. गाडीत भजने होतात, भाजी निवडून होते, डब्यात हळदीकुंकूसुद्धा होते. खरे आहे, आणि त्या बायकांच्या हिमतीला तोड नाही. पण भाजी घरीही निवडता येते, आणि तिथे चौथ्या सीटवर अर्धे बूड टेकून निवडावी लागत नाही. दुसरा दाखला निसर्गाचा: लांब असले तरी तिथे डोंगर आहे, नदी आहे. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारेक प्रवाशांची सुटका बोटी घालून करावी लागली. ब्रोशरमध्ये याच नदीला रिव्हर व्ह्यू म्हणतात.

सर्वांत भक्कम आक्षेप भविष्याचा: आज लांब आहे, उद्या सगळे इथेच येणार. येतेही, नाही असे नाही. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झाले आणि उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. पनवेलच्या जाहिरातींत मात्र भूमिपूजनाआधीपासूनच विमाने उतरत होती. ‘प्रस्तावित’ गोष्टीची किंमत आपण आज रोखीने मोजतो आणि ती गोष्ट मिळते कर्ज निम्मे फिटल्यावर. मेट्रोच्या नकाशावरची तुटक रेघ पाहून चौरस फुटाला जादा भाव देणारा माणूस रेल्वेच्या पोहोचलेल्या, दिसणाऱ्या, रोज उशिरा येणाऱ्या गाडीपायी मात्र भाव कमी करून मागत नाही. आणि जवळ घर परवडतच नाही त्याचे काय? त्याच्यापुढे निवड नाहीच, तेव्हा त्याला शहाणपणाचे सल्ले देणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि गिरणी कामगारांना बदलापूरच्याही पुढच्या शेलू-वांगणीची घरे देऊ केली गेली, तेव्हा त्यांनी आझाद मैदानात केलेला विरोध याच हिशेबातून आला होता. त्यांना कार्पेट मिनिटे समजावून सांगावी लागली नाहीत.

ज्यांना निवड आहे त्यांनी टोकन देण्याआधी बिल्डरची गाडी नाकारावी. जुलैतल्या एखाद्या सोमवारी सकाळी साडेसातला त्या इमारतीच्या गेटपासून निघावे, सोबत जोडीदारालाही न्यावे, ऑफिस गाठावे आणि संध्याकाळी परत त्याच गेटपर्यंत यावे. मग घड्याळातला आकडा बिल्डरपुढे ठेवून ‘10 मिनिटे’ करारात लिहून मागावीत. तो लिहून देणार नाही. तेव्हा वरचा भागाकार त्याच्यासमोर करून भाव पाडून मागा.