आजऱ्याच्या छतावरून पळापळ

आजऱ्याला भर पावसात जाऊ नये असं सगळे सांगतात. आम्ही जुलैत गेलो. कोल्हापूर, कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. मध्येच निपाणीला कर्नाटक लागतं, म्हणजे एकाच तिकिटात परराज्याची सहल. पुढचे खड्डे असे, की एस्टीच्या मागच्या बाकावर बसलेल्याचा निम्मा प्रवास सीट आणि टप यांच्यामध्ये अधांतरीच होतो. बँकेतला मित्र एकदा टपाला डोकं टेकवून आला आणि म्हणाला, "वरपण रस्ताच हाय काय रे?"

बेत भरगच्च होता. हिरण्यकेशी नदीकाठचं रामतीर्थ, चित्री धरण, जमलं तर आंबोली. ज्याच्या घरी उतरलो त्या मित्राच्या आईनं तो दारातच मोडीत काढला. "रामतीर्थाला? हिरण्यकेशी बघिटलासा काय कशी फुगलीया? गप घरात बसा!" आणि समोर घनसाळचा वाफाळता भात आला. आजरा घनसाळला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते देणाऱ्यांनी तो काकूंच्या हातचा खाल्ला असता, तर दहा वर्षं आधीच दिलं असतं.

जेवणानंतर आमच्यातल्या मास्तरच्या लॅपटॉपवर 'जी-स्विच 3' निघाला. वास्को फ्रेइतास नावाच्या माणसानं केलेला हा खेळ. माणूस आपोआप सुसाट पळतो, आपण फक्त एक बटण दाबायचं. दाबलं की गुरुत्वाकर्षण उलटतं आणि गडी जमिनीवरून छतावर. मेख अशी, की हवेत असताना बटण चालत नाही. पाय कशाला तरी टेकले पाहिजेत. अडथळ्याला अडकून पडद्याबाहेर राहिला तो बाद, शेवटी उरेल तो जिंकला. एकाच कीबोर्डवर आठ जण खेळू शकतात. आम्ही पाचच होतो, पण कोपरं आठांची होती.

'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत 1940 साली जन्मले ते याच आजऱ्यात. त्यांच्या कर्णाला हे गुरुत्वाकर्षण उलटवायचं बटण मिळालं असतं तर चाक रुतायच्या आत रथ आभाळाला चिकटला असता आणि कादंबरी निम्म्यावर आटोपली असती.

खरं महाभारत मात्र बटणांवरून झालं. "मी दाबलं हुतं!" "कुठं दाबलंस मर्दा, झोपला हुतास!" प्रत्येक फेरीला हेच. शेवटी मास्तरनं उलगडा केला. साध्या कीबोर्डात बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. तीन-चार बटणं एकदम दाबली, की काही जोड्यांत एखादं बटण कॉम्प्युटरला कळतच नाही. म्हणजे बँकवाला खरं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही. मी गुपचूप माझं बटण दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं आणि लागोपाठ जिंकत सुटलो.

मित्राच्या आज्जी एवढा वेळ काजू निवडत बघत होत्या. "त्यो छताला उलटा पळतोय त्यो वाघूळ हाय काय रं?" म्हणाल्या. समजावल्यावर त्याही बसल्या. आम्ही अडथळा दिसला की घाबरून दोनदा दाबायचो. आज्जी एकदाच, ठोक. या तालुक्यात कर्नाटकातून आलेले हत्ती शेतात शिरतात. ते बघितलेल्या बाईला पडद्यावरच्या खांबाचं काय कौतुक? पहिल्याच डावात आम्हा पाचांना मागं टाकून त्या एकट्याच छतावरून पळत राहिल्या. तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी मास्तरच्या पगारासारखी, महिनाअखेरची. डाव तिथंच विझला.

"मीच जिकले न्हवं?" अंधारातून आवाज आला. कुणाची ना म्हणायची टाप?

तुम्ही जाणार असाल तर ऐका. खेळ ब्राउझरमध्ये फुकट चालतो. कीबोर्ड चांगला, स्वतःचा न्या. रामतीर्थ नोव्हेंबरात बघा. आणि काजू निवडणाऱ्या कुणाही आज्जीशी पैज लावू नका.