कासव किती वाजता सुटतं?

फेब्रुवारी उजाडला की मुंबई-पुण्याच्या माणसाला कासवाचा उमाळा येतो. एरवी वर्षभर त्याचा कासवाशी संबंध एवढाच, की शंकराच्या देवळात नंदीपुढच्या दगडी कासवावर पाय पडू नये. तोच माणूस शुक्रवारी रात्री गाडी काढून कासवाची पिल्लं बघायला कोकणात वेळासच्या किनाऱ्याला निघतो. सोबत कुटुंब, दुर्बीण, मेव्हण्याचा ड्रोन आणि कुरकुऱ्यांच्या पाकिटांची माळच्या माळ. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण सुरू होऊन एक तप उलटलं, पण माणगावच्या कोंडीने आपला नेम सोडलेला नाही. तिथून सुटून गडी आमच्या वीर गावापर्यंत पोचतो तोवर त्याचं निसर्गप्रेम बरंचसं खड्ड्यांत सांडलेलं असतं. टपरीवर चहा घेतो आणि विचारतो, "इथून समुद्र किती लांब?"

आता काय सांगणार? समुद्र पूर्वी आमच्याच दारात यायचा. रेल्वे आली ती जून १९९३ मध्ये. रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा तुकडा आधी सुरू झाला आणि काही काळ आम्हीच त्या बाजूचं टोक होतो. त्याआधीच्या कित्येक पिढ्या शेजारच्या दासगाव बंदरातून, सावित्रीच्या खाडीने ये-जा करत होत्या. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या दुसऱ्या सत्याग्रहाला आले ते मुंबईहून बोटीने, हरिहरेश्वरवरून दासगावला. बंदर गेलं, बोटी गेल्या. भरतीचं पाणी मात्र अजून दिवसातून दोनदा खाडीने वर चढतं, टोल न भरता.

आणि त्या पाण्यात मगरी आहेत.

या चहावरच्या गप्पा नव्हेत. हिवाळ्या-उन्हाळ्यात ओहोटी लागली की महाडला दादली पुलावर उभं राहावं आणि खाली बघावं. आधी काही म्हणजे काही दिसत नाही. चिखल, चिखलात रुतलेला ओंडका, बाजूला बगळा. मग ओंडक्याला दात आहेत असं लक्षात येतं. जबडा सताड उघडा टाकून बाई पडलेल्या असतात. तो राग नव्हे, अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती रीत. पाठीवरचे खवले वाळलेल्या चिखलाने राखाडी झालेले, शेपूट अर्धी पाण्यात. बगळा तिच्या तोंडापासून दोन हातांवर एका पायावर उभा, त्याला कसली फिकीर नाही. तासभर थांबलात तर ती एकदा डोळा मिटेल. कार्यक्रम एवढाच.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसणारा हा प्राणी. पण तिला कमान नाही, तिकीट नाही, 'आय लव्ह मगर' अशी लाल अक्षरं नाहीत, म्हणून ती पर्यटनात मोडत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या, तेव्हा कुठे टीव्हीवाल्यांना या नदीत मगरी असल्याचा शोध लागला. म्हातारा पूल वाहतुकीला चालू का ठेवला हे विचारण्यापेक्षा मगरीवर कॅमेरा लावणं सोपं होतं. मगर खुलासा करत नाही. तिने करायचा म्हटला तरी तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे: एमआयडीसीचं सांडपाणी शेवटी याच खाडीला मिळतं, सक्शन पंप याच खाडीची वाळू उपसतात, आणि तिला अंडी घालायला हाच काठ लागतो.

पाहुण्याला मात्र जोड-पॅकेज हवं असतं. सकाळी नॅशनल पार्क, दुपारी सुरमई, संध्याकाळी बीच. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. ७२० किलोमीटरचा किनारा, पण किनाऱ्यावर म्हणावं असं त्यात एकही नाही. बोरिवली समुद्राला त्यातल्या त्यात जवळ, पण तिथल्या बिबट्याने बीचवर जायचं ठरवलं तर लिंक रोडवरच त्याची संध्याकाळ होईल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं; मच्छीमारांना विश्वासात न घेता नकाशावर रेघ मारली की काय होतं ते बघायचं असेल तर तिकडे जावं. मुरूडजवळचं फणसाड आहे, जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. रानात शेकरू, उन्हाळ्यातही पाणी धरणाऱ्या 'गाणी' म्हणजे पाणवठे, झाडीच्या फटीतून समुद्र. पण तिथे जनावर बघायला गप्प बसावं लागतं. ते आपल्या संस्कृतीत बसत नाही.

म्हणून मग सगळे वेळासला. नाना फडणवीसांचं हे गाव. पूर्वी इथलीच काय, किनाऱ्यावरची बहुतेक गावं कासवाची अंडी उकरून खायची नाहीतर विकायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. वेळासची कासवं वाचली ती उद्यान जाहीर झाल्यामुळे नव्हे. पहाटेच्या अंधारात कुणीतरी रोज किनारा चालतं, म्हणून वाचली. त्या माणसाला कासवमित्र म्हणतात. वाळूवर उमटलेला मादीचा माग ओळखायचा, काठीने चाचपून खड्डा शोधायचा, शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून न हलवता न उलटवता काढायची, कुंपणातल्या हॅचरीत दीड फुटाचा तसाच खड्डा करून पुरायची आणि पन्नासेक दिवस कोल्ह्या-कुत्र्यांपासून सांभाळायची. मग त्यावर टोपली पालथी. रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. वाळू मधोमध खचलेली दिसली की समजावं, खाली हालचाल आहे.

(जाता जाता: वाळू तापलेली राहिली तर पिल्लं माद्या निघतात, गार राहिली तर नर. उन्हाळे असेच वाढत गेले तर कासवांत नवरदेव मिळणं मुश्कील होणार. आपल्याकडे नेमका उलटा घोळ आहे.)

आता किनाऱ्यावर कासवमित्रासमोर, दोरीच्या अलीकडे उभा असलेला आमचा पाहुणा बघा.

"काका, कासव किती वाजता सुटतं?"

"सकाळी सातला बघतो, संध्याकाळी सहाला बघतो. निघालं तर सोडतो."

"निघालं तर म्हणजे?"

"म्हणजे आज नाही निघालं."

"अहो, आम्ही पनवेलहून आलोय!"

पनवेलहून आल्याचा कासवावर काही परिणाम होत नाही, ही गोष्ट त्याला पटायला वेळ लागतो. मग वाटाघाटी सुरू होतात. एखादं अंडं उकरून बघता येईल का? कालचं एखादं पिल्लू शिल्लक आहे का? मुलीच्या हातावर ठेवून फक्त एक फोटो? काका नाही म्हणतात, उद्याही नाही म्हणणार असतात, आणि तरी आवाज चढवत नाहीत. ही सहनशक्ती आणतात कुठून कोण जाणे. मुक्कामाच्या घरी पानावर वरणभात, भाजी, आमटी आणि मोदक येतो. पाहुणा हळूच विचारतो, "फिश नाही?"

लांबून येणं म्हणाल तर, ओडिशात गहिरमाथ्याला मार्च २०२१ मध्ये एका कासव-मादीच्या पंखाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालून गेली. आता ती लंकेला वळसा घालून आली की आणखी कुठून, तिचं तिला माहीत. लोकेशन कुणी पाठवलं नव्हतं, रेटिंग बघितलं नव्हतं, आणि वाटेत माणगाव लागलं म्हणून तिने कुणावर तोंड टाकलं नाही. अंडी घातली, वाळूने झाकली, परत पाण्यात गेली.

आपली माणसं परत जातात ती सहजासहजी नाही. रात्री एखाद्या हौशीला सुचतं की गाडी फोर बाय फोर आहे तर थेट वाळूत घालावी. टायरच्या चाकोरीत बोटभर लांबीचं पिल्लू पडलं तर त्याला ती दरीच असते, बाहेर निघेपर्यंत कावळा येतो. पण अशा वेळी समुद्र न्याय करतो. भरती चढते, गाडी दरवाजापर्यंत बुडते, आणि तिला ओढायला गावचाच ट्रॅक्टर बोलवावा लागतो. किनाऱ्यावर अशी गाडी अडकली की मला वाईट वाटत नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

किनाऱ्यावरचं राष्ट्रीय उद्यान हवंच असेल तर कोस्टारिकात मान्युएल आंतोनियो नावाचं आहे. पाहुण्याच्या स्वप्नातलंच: माकडं, झाडाला लोंबकळणारे स्लॉथ आणि पुढ्यात निळा समुद्र. आकाराने लहान, गर्दी अफाट. तिथे रोज किती माणसं आत सोडायची ते ठरलेलं, दारावर पिशव्या उघडून खाऊ काढून घेतात, आणि मंगळवारी उद्यान बंद. वेळासला खाऊ काढून घ्यायचा नियम केला तर पहिला फोन आमदारांना जाईल. दुसरा फोन, कासवाला मंगळवारची सुट्टी दिलीच कशी म्हणून.

रविवारी दुपारी वेळासहून परतणारे काही जण वीर स्टेशनवर येतात. स्वतःची गाडी नसलेले, दिव्याची पॅसेंजर धरणारे. गाडी उशिरा धावत असते. बाहेर मिनिडोअरवाला उभा.

"दिसलं का कासव?"

"कसलं! दोन दिवस वाया. इथे दुसरं काही आहे का बघायला? गाडीला अजून दीड तास आहे."

"मगरी आहेत. आत्ता ओहोटी आहे, नेतो पुलावर."

"तिकीट किती?"

"तिकीट कसलं? माझं भाडं द्या."

"बोटिंग?"

"नाही."

"मग लोक करतात काय तिथे?"

"बघतात."

पाहुण्याने बायकोकडे बघितलं, बायकोने मुलांकडे, मुलांनी मोबाइलकडे.

"राहू दे," पाहुणा म्हणाला. "इथे जवळ पिझ्झा कुठे मिळतो?"